हवा वल्ली शे

होळीला नऊ दिवस.
नंदुरबारच्या पथारींवर मिरची लालभडक पसरलेली
आणि आभाळ सकाळपासून
कुणाच्या मयतीला आल्यासारखं
काही न बोलता बसून.

पाऊस नाही. पडला असता तर शिवी तरी देता आली असती.
नुसती वल्ली हवा.
मिठाच्या बरणीत चमचा रुतला,
काडेपेटीतल्या चार काड्या वाया गेल्या,
दाराची फळी फुगली, खांद्यानं ढकलावी लागली.
वैजूचे बाबा म्हणाले,
"आज कढई नको चढावू व. हवा वल्ली शे."

पण ऑर्डर मोलगीची.
दीड क्विंटल हारकंगन,
भोंगऱ्या बाजाराच्या आधी वर पोचवायचे.
रेहमल पावरा बयाणा देऊन गेलेला,
त्यातला अर्धा साखरेत गेला,
अर्धा वैजूच्या क्लासला.
चढवली कढई.

दुधाचा शिंतोडा मारून मळी काढली.
बोटांत धरून पाहिला पाक, एक तार, दोन तार,
वाटीतल्या पाण्यात सोडला तर गोळी अशी टणक
की ताटलीवर वाजली.
सागाचे साचे पाण्यातून काढले, पुसले,
दोरे ताणले, ओतत गेले.
पांढरे, गुलाबी, एक घाणा पिवळा.
मिरचीचा खाट घरभर,
दर चौथ्या हाराला एक शिंक.

देखणे निघाले. दुपारी खिळ्यांना टांगले.
दिवेलागणीला
पहिल्या हाराखाली फरशीवर एक थेंब.
मी वर पत्रा पाहिला. कोरडा.
थेंबाला बोट लावून चाटलं.
गोड.

"साखर रडी ऱ्हायनी," बाबा म्हणाले आणि बिडी शोधायला लागले.
वैजू दहावीला. पुस्तकातून मान वर न करता म्हणाली,
रडत नाही ती, पिते.
हवेतलं पाणी अंगात ओढून घेते, मग मावत नाही.
म्हटलं, मग सांग ना तिला,
नऊ दिवस उपास धर.

दुसरा घाणा जास्त आटवला,
पांढरा पिवळट झाला, गुलाबी विटकरी.
तोही रात्रीतून चिकटला कंगनाला कंगन,
सोडवायला जावं तर नक्षी बोटांवर
आणि हातात नुसता दोरा.
मुंग्यांना बातमी आमच्या आधी.

तिसऱ्या दिवशी रेहमल जीप घेऊन आला.
पैशाचं बोलला नाही.
हार पाहिले, मग मागं गेला,
जिथं आम्ही फुटाणे भाजतो त्या भट्टीवर तळहात धरला.
"याच्यावर काय टांगता?"
काही नाही.
"आम्ही मक्याचं बी चुलीवर टांगतो. चार महिने पाऊस असतो.
बी नाही रडत."

त्या रात्री भट्टीत बाभळीची लाकडं घातली,
चणे न टाकता नुसती वाळू तापवली.
वर आडवे बांबू, बांबूंना हार.
हातभर उंचीवर पहिले दोन वितळले,
वाळूत करपून कडू वास सुटला.
मग पुरुषभर उंच चढवले.
वैजू तिथंच बसली भूगोल घेऊन,
तिचं एक गाल लाल, एक गाल अंधारात.

पहाटे हात लावला.
कोरडे. एकमेकांवर आपटले तर वाजले.
पण पांढरे म्हणावेत असे नव्हते,
जुन्या दातासारखे, धुरकट.
मी म्हटलं, भाव कमी लावा.
रेहमलनं एक कंगन मोडलं,
बराच वेळ चघळलं.
"धूर लागतो. आणि मिरची," म्हणाला.
मग जीपमध्ये टोपल्या चढवायला लागला.
भाव कमी केला की नाही
हे त्यानं दिलेल्या नोटा मोजल्यावर कळलं.
केला होता. थोडाच.

जीप गेली आणि तासाभरात ऊन पडलं,
काहीच झालं नाही अशा थाटात.
पथारींवरच्या ताडपत्र्या निघाल्या,
बायका मिरची उलटायला बसल्या.
मी खुरप्यानं फरशी खरडली,
खरडलेली साखर मुंग्यांसकट बाहेर टाकली.

तो पहिला थेंब पडला ती जागा
दोनदा धुतली तरी चिकट आहे.
अंधारात पाणी प्यायला उठलं
की तळव्याला कळते.